नागपूरचं ऊन आणि घराचं छत: इन्सुलेशनचा खर्च, उपयोग आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळी आटोपली की गच्चीवर काय टाकावं, कितीला पडेल आणि खरंच फरक पडेल का, ही विचारणा सुरू होते. तेच प्रश्न इथे घेतले आहेत. दर मजुरीसह, प्रति चौरस फूट आणि ढोबळ आहेत. माल कोणता महाग आणि कोणता स्वस्त, याचा अंदाज येण्यापुरते ते वापरा. ठेकेदाराशी भांडायला वापरू नका.

नागपुरात थंडी जेमतेम दोन महिने. मग इन्सुलेशन कशाला?

थंडीसाठी नाहीच. इन्सुलेशन म्हटलं की बर्फाळ देशातली घरं डोळ्यांपुढे येतात, पण उष्णता अडवणारा थर ती कोणत्याही दिशेने अडवतो. तिथे ती घरातून बाहेर पळते, आपल्याकडे बाहेरून आत घुसते. मे महिन्यात इथलं कमाल तापमान ४२-४३ अंशांच्या आसपास असतं आणि काही दिवस ४५ च्या वर जातं. (मे २०२४ च्या अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते. सेन्सर बिघडला होता, असं हवामान खात्याने नंतर सांगितलं. तोवर मात्र बऱ्याच जणांना तो आकडा खराच वाटला होता!)

आधी भिंती की आधी छत?

छत. यात फारसा वाद नाही.

नागपूर २१.१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या २६-२७ तारखेला आणि पुन्हा जुलैच्या मध्यात सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो. जुलैमध्ये ढग असतात, मेमध्ये नसतात. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, लागतो तो याच दिवसांत. सूर्य इतका वर असताना दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळपास लागतच नाही. पूर्वेच्या भिंतीला सकाळी लागतं, पश्चिमेच्या भिंतीला दुपारनंतर. छताला मात्र सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत सुट्टी नाही. बेसा, मनीषनगरकडच्या नव्या वस्त्यांत एकमजली, दुमजली घरं सुटी सुटी उभी आहेत, शेजारच्या इमारतीची सावलीही नाही. तिथे तर सगळा हिशेब छतावरच येऊन थांबतो.

अपवाद मधल्या मजल्यावरच्या फ्लॅटचा. तुमच्या डोक्यावर दुसऱ्याचं घर असेल तर छताचे प्रश्न सोडा आणि थेट पश्चिमेच्या भिंतीवर आणि खिडक्यांवर या.

रात्री अकरा वाजताही छत गरम का लागतं?

काँक्रीट उष्णता साठवून ठेवतं. चार-पाच इंची स्लॅबमधून दुपारची उष्णता आतल्या बाजूला पोचायला साधारण चार तास लागतात. बाहेर दुपारी दोन-तीनला जे तापलं, ते आत संध्याकाळी सहा-सातनंतर जाणवायला लागतं आणि मध्यरात्रीपर्यंत पुरतं. म्हणून पंखा लावला की तो छताजवळची गरम हवाच खाली ढकलतो. हे तापणं टाळायचं तर थर स्लॅबच्या वर हवा, खाली नाही.

चुना किंवा कूल रूफ पेंट म्हणजे इन्सुलेशनच ना?

नाही. पण म्हणून कमी दर्जाचं समजू नका.

पांढरा रंग ऊन परतवून लावतो, म्हणजे छत तापूच देत नाही. इन्सुलेशन तापलेल्या पृष्ठभागाची उष्णता आत येऊ देत नाही. कोरं, मळकं काँक्रीट जेमतेम ३० टक्के ऊन परतवतं, ताजा पांढरा थर ७० ते ८० टक्क्यांपर्यंत. मेच्या दुपारी कोऱ्या स्लॅबचा पृष्ठभाग ६० अंशांपर्यंत जातो. शेजारी पांढरी केलेली गच्ची असेल तर ती ४५ च्या आसपास असते, अनवाणी उभं राहता येतं. हा फरक पायाला कळतो, त्याला यंत्र लागत नाही.

अडचण धुळीची. कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला औष्णिक वीजकेंद्रांची राखही असते. पांढरेपणा गेला की गुण गेला. महिन्यातून एकदा झाडू आणि बादलीभर पाणी, एवढी देखभाल धरूनच चालायचं.

कोणता माल किती उष्णता अडवतो, हे आकड्यांत सांगता येईल का?

येईल. प्रत्येक मालाचा एक उष्णतावाहकतेचा आकडा असतो. तो जितका लहान, तितका माल चांगला. साधारण आकडे असे आहेत:

काँक्रीट १.६
भाजलेली वीट ०.६ ते ०.९
एएसी ब्लॉक (हलके, सच्छिद्र सिमेंटचे ठोकळे) ०.१६ ते ०.२
रॉकवूल, ग्लासवूल (दगडाच्या, काचेच्या तंतूंची लोकर) ०.०३५ ते ०.०४५
थर्माकोल ०.०३६ च्या आसपास
एक्सपीएस शीट (थर्माकोलच्याच जातीचा, पण घट्ट फोम) ०.०३ च्या आसपास
पफ (पॉलीयुरेथेन फोम) ०.०२२ ते ०.०२५

याचा अर्थ असा, की दोन इंची म्हणजे ५० मिमी एक्सपीएस शीट जेवढी उष्णता अडवते, तेवढी अडवायला विटांची चार फुटांहून जाड भिंत लागेल. काँक्रीट तर आठ फुटांच्या वर. 'स्लॅब सहा इंची टाकला, आता गरम होणार नाही' असं सांगणारे मिस्त्री अजूनही भेटतात, त्यांना हा आकडा दाखवा.

सरकारी मोजमापात यू-मूल्य वापरतात. ते म्हणजे छताचा एक चौरस मीटर, आतबाहेर एक अंशाचा फरक असताना, किती वॅट उष्णता आत सोडतो. उघड्या पाच इंची स्लॅबचं यू-मूल्य सुमारे ३.४ येतं. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने डिसेंबर २०१८ मध्ये आणलेल्या इको निवास संहितेत घरांच्या छताची मर्यादा १.२ आहे. म्हणजे आपली बहुतेक घरं मर्यादेच्या जवळपास तिप्पट उष्णता आत घेतात. एक इंची एक्सपीएसने हा आकडा ०.९ वर येतो, दोन इंचीने ०.५ वर. पहिल्या इंचाने मोठं काम केलं, दुसऱ्याने त्यात भर घातली. तिसरा, चौथा इंच आपल्या हवामानात पैशांची उधळपट्टी ठरतो.

एका खोलीचं उदाहरण द्या.

१२ बाय १२ ची वरच्या मजल्यावरची बेडरूम घ्या. छत १४४ चौरस फूट. मेची दुपार, आत एसीने २८ अंश ठेवले आहेत.

कोऱ्या स्लॅबमधून आत ढकलली जाणारी उष्णता सुमारे १,७०० वॅट येते. एक टनाचा एसी ३,५०० वॅट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे जवळपास अर्धा टन नुसत्या छताशी झुंजण्यात जातो. तीच गच्ची पांढरी केली की आकडा ९०० वर येतो. रंग न लावता दोन इंची एक्सपीएस टाकलं तर २५० च्या आसपास. प्रत्यक्षात स्लॅबच्या जाडीमुळे ही उष्णता उशिरा आणि थोडी पसरून येते, त्यामुळे एखाद्या क्षणी मोजलेला आकडा वेगळा दिसेल. पण तिघांमधलं प्रमाण असंच राहतं: चुन्याने निम्मी कमी, शीटने सातव्या हिश्शावर.

आता खर्चाचं बोला. काय कितीला पडतं?

चुना, त्यात व्हाइट सिमेंट आणि फेविकॉल घालून दोन हात: ४ ते ८ रुपये. स्वतः मारलात तर दोन-तीन रुपयांत होतं. दरवर्षी करावं लागतं.

चांगल्या कंपनीचा कूल रूफ पेंट, प्रायमरसह: २५ ते ४५ रुपये. तीन ते पाच वर्षं.

चायना मोझॅक (टाइलच्या तुकड्यांची फरशी): ७० ते ११० रुपये. नीट केलं तर वीस वर्षं हलत नाही.

ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे घालून केलेला उताराचा थर): ९० ते १३० रुपये.

एक्सपीएस दोन इंची, नुसती शीट: ६० ते ८० रुपये. त्यावर कापड, कोबा आणि टाइल धरून सगळं काम १५० ते २२० पर्यंत जातं.

थर्माकोल दोन इंची, चांगल्या घनतेचा, नुसता माल: २० ते ३५ रुपये.

पफ फवारणी दोन इंची: १०० ते १५० रुपये, वरचं संरक्षण वेगळं.

जिप्समचं साधं फॉल्स सीलिंग: ७० ते ११० रुपये. त्यावर रॉकवूल टाकलं तर आणखी २० ते ३५.

मग वीजबिलातून पैसे वसूल होतात का?

या प्रश्नाला 'दोन वर्षांत पैसे परत' असं उत्तर देणाऱ्या विक्रेत्यापासून लांब राहा.

वरचीच खोली धरू. एसी रात्री दहा तास, उन्हाळ्याचे शंभर दिवस. दोन इंची एक्सपीएसने सरासरी सहाशे-सातशे वॅट उष्णता कमी झाली, तर विजेत ती बचत तासाला ०.२ युनिटच्या आसपास येते, कारण एसी एका युनिटमध्ये तीन-सव्वातीन युनिट उष्णता बाहेर फेकतो. हंगामाला सुमारे २०० युनिट. वीजदराच्या वरच्या टप्प्यात युनिट दहा रुपयांच्या पुढे जातं, म्हणजे वर्षाला दोन ते अडीच हजार रुपये. आणि खर्च? १८० रुपयांनी १४४ चौरस फुटांचे २६ हजार. दहा-बारा वर्षं लागली वसूल व्हायला.

चुन्याचा हिशेब बघा. बचत निम्म्याहून थोडी जास्त, वर्षाला हजार-बाराशे. खर्च सहाशे ते अकराशे. म्हणजे त्याच उन्हाळ्यात फिटला. रुपयाला रुपया लावून पाहिलं तर चुन्याला हरवणारा माल बाजारात नाही, आणि याची जाहिरात कुणी करत नाही कारण त्यात कुणाला फारसं काही सुटत नाही.

पण दुसरी बाजूही आहे. गच्ची गळते म्हणून तुम्ही तशीही ती फोडणार असाल, वॉटरप्रूफिंग आणि टाइल होणारच असतील, तर इन्सुलेशनचा वाढीव खर्च फक्त शीटचा. ७० रुपयांनी दहा हजार. ते चार-पाच वर्षांत निघतात आणि शीट तीस वर्षं तिथेच राहते. म्हणून आमचा सल्ला असा: गच्ची चांगली असेल तर निव्वळ इन्सुलेशनसाठी ती उकरू नका, चुना मारा. गच्ची गळत असेल किंवा घर नवीन बांधत असाल तर शीट न टाकता काम बंद करू नका. ही संधी पुन्हा पंधरा-वीस वर्षांनी येते. घाईत 'नंतर बघू' म्हणून कोबा करून टाकणारे बरेच दिसतात, आणि कोब्याखाली नंतर काही घालता येत नाही.

रात्रीची झोप, दुपारी वरच्या खोलीत बसता येणं, घरातल्या म्हाताऱ्या माणसांची काळजी, हे बिलाच्या हिशेबात येत नाही. ते तुमचं तुम्ही धरा.

आमच्याकडे ब्रिकबॅट कोबा आहे. तो इन्सुलेशन करतो ना?

थोडंफार. चार इंची कोब्याने यू-मूल्य ३.४ वरून २.४ च्या आसपास येतं. मर्यादेच्या दुप्पट ते तरीही राहतंच. कोब्याचं खरं काम उतार देणं आणि पाणी अडवणं, ते तो चोख करतो. वजन मात्र पाहा. चौरस मीटरला सुमारे १८० किलो, म्हणजे त्या १२ बाय १२ च्या खोलीवर अडीच टनांच्या आसपास. त्याच खोलीवरची दोन इंची एक्सपीएस शीट वीस-बावीस किलोत बसते. महाल, इतवारीतल्या जुन्या घरांवर आणखी एक कोबा चढवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

कोब्यावर पांढऱ्या तुकड्यांचं चायना मोझॅक असेल तर तुमचं बरंच काम झालेलं आहे. ते स्वच्छ ठेवा, बस. रंगीत नक्षीचं मोझॅक सुंदर दिसतं, पण गडद तुकडे जितके जास्त, तितकं छत तापणार.

थर्माकोल, एक्सपीएस की पफ?

स्लॅबच्या वर, टाइलच्या खाली टाकायचं असेल तर एक्सपीएस. ती बंद पेशींची असते, पाणी जवळपास पीत नाही आणि वर चालणाऱ्या माणसांचं, टाकीच्या स्टँडचं वजन सोसते. पावसाळ्यात इथे हजार मिमीच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे हा गुण शोभेचा नाही.

थर्माकोल स्वस्त आणि उष्णता अडवण्यात एक्सपीएसच्या थोडाच मागे. पण दाण्यादाण्यांमध्ये पाणी शिरतं आणि हलक्या घनतेचा माल दबतो. बजेट कमी असेल आणि वॉटरप्रूफिंगवर पक्का भरवसा असेल तरच घ्या. टीव्हीच्या खोक्यात येतो तो थर्माकोल यासाठी नाही. घनता कशी ओळखायची? वजन करा. एक मीटर बाय अर्धा मीटरची दोन इंची शीट २० घनतेची (घनमीटरला २० किलो) असेल तर अर्धा किलो भरली पाहिजे. ३०० ग्रॅम भरली तर दुकानदाराला नमस्कार करून परत या.

पफची फवारणी सगळ्यांत प्रभावी. सांधा राहत नाही, वेड्यावाकड्या छतालाही चिकटते. पण उघड्या उन्हात ती पिवळी पडते, भुगा होतो. वर आवरण हवंच. शिवाय चांगली फवारणी करणारा कारागीर हवा, आणि छोट्या गच्चीसाठी मशीन आणायला तो सहसा तयार होत नाही.

तिन्ही माल जळतात. टाइल किंवा कोब्याखाली दाबलेले असतील तर चिंता नाही. घराच्या आत उघडे लावणं मात्र धोक्याचं आहे, धूर विषारी असतो. दुकानांत छताला नुसत्या थर्माकोलच्या शीट चिकटवलेल्या दिसतात, ते अजिबात करू नका.

थर कोणत्या क्रमाने टाकायचे?

स्लॅब साफ करून भेगा भरणं, वॉटरप्रूफिंग, मग चोवीस ते अठ्ठेचाळीस तास पाणी साठवून गळतीची चाचणी. त्यानंतर एक्सपीएस, सांधे एकमेकांना घट्ट भिडवून. वर जिओटेक्स्टाइलचं कापड, जाळी घालून उताराचा कोबा आणि शेवटी फिकट रंगाची टाइल. वॉटरप्रूफिंग शीटच्या खाली असल्याने त्यालाही ऊन लागत नाही आणि ते जास्त टिकतं. चाचणी न करता शीट टाकणाऱ्याला थांबवा.

आतून फॉल्स सीलिंग केलं तर चालेल?

भाड्याचं घर असेल किंवा गच्ची आपली नसेल तर तोच मार्ग उरतो. पण नुसतं जिप्सम उष्णता फारशी अडवत नाही, मधली हवेची पोकळी थोडी अडवते. पोकळीत ५० मिमी रॉकवूल पसरलं तर फरक मोठा पडतो आणि रॉकवूल जळत नाही. मात्र वरचा स्लॅब तसाच तापत आणि प्रसरण पावत राहतो, खोलीची उंची सहा-आठ इंच कमी होते आणि उंदरांना हक्काचं घर मिळतं. रॉकवूल, ग्लासवूल हाताळताना मास्क आणि हातमोजे हवेत, अंगाला खाज सुटते. आणि गळकं छत असेल तर ते खालून फॉल्स सीलिंगने झाकू नका. ओलं रॉकवूल निरुपयोगी असतं.

चंदेरी बबल शीट स्वस्तात मिळते. घ्यावी का?

८ ते २० रुपयांना मिळते. चकचकीत ॲल्युमिनियम उष्णतेचं प्रारण जवळपास बाहेर पडूच देत नाही, हे खरं. पण तिच्यासमोर हवेची पोकळी असेल तरच. स्लॅबला चिकटवली किंवा वर सिमेंट ओतलं की ती निव्वळ पातळ प्लॅस्टिक उरते. टिनाखाली, तीन-चार बोटं जागा सोडून, चमकती बाजू खाली ठेवून ताणली तर उत्तम काम करते. खालच्या बाजूवर धूळही बसत नाही.

आमचं टिनाचं घर आहे. आम्ही काय करायचं?

टिनाला जाडी नाही, त्यामुळे दुपारी भट्टी होते आणि संध्याकाळी लवकर निवते. यू-मूल्य ५ च्या घरात, स्लॅबहूनही वाईट. पहिला खर्च वरून पांढऱ्या रंगाचा, गंज घासून प्रायमर लावून. दुसरा, वर सांगितली तशी बबल शीट किंवा जाळीवर अंथरलेलं ग्लासवूल, खालून स्वस्त सीलिंग. पोकळीच्या दोन्ही टोकांना हवा जायला फटी ठेवा. नवीन शेड बांधणार असाल तर साध्या टिनाऐवजी ५० मिमी पफ पॅनेल घ्या. ते महाग दिसतं, पण टिन, इन्सुलेशन आणि सीलिंग तिन्ही त्यातच येतात. हिंगणा, बुटीबोरीकडच्या कारखान्यांत ही पॅनेल वर्षानुवर्षं वापरात आहेत, बसवणारे कारागीर तिथूनच मिळतात.

जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्यांना भोकं पाडू नका, कोरडे घासू नका. वरून रंग द्या आणि सीलिंग वेगळ्या सांगाड्यावर टांगा. कवेलूचं (मातीच्या कौलांचं) छत शाबूत असेल तर हेवा वाटावा असं आहे, ते काढून टिन टाकण्याआधी दहादा विचार करा.

आमच्याकडे एसी नाही, कूलर आहे. कूलरच्या घरात इन्सुलेशनचा काय उपयोग?

उपयोग आहे, पण वेगळ्या तऱ्हेने. कूलर सतत बाहेरची हवा आत ढकलतो आणि उघड्या खिडकीतून बाहेर काढतो, त्यामुळे खोलीतली हवा कोंडून थंड ठेवण्याचा प्रश्नच नाही. पण अंगाला जाणवणारा उकाडा निव्वळ हवेचा नसतो. डोक्यावरचं ४०-४५ अंशांचं छत सरळ अंगावर उष्णता टाकतं, वाळ्याच्या ताटीतून कितीही गार वारा आला तरी. छत थंड झालं की तोच कूलर पुरेसा वाटू लागतो, आणि एसी घेण्याचा विचार दोन-चार वर्षं पुढे ढकलता येतो. कूलरवाल्या घरासाठी चुना आधी, बाकी सगळं नंतर.

जूनच्या मध्यानंतर दमट हवेत कूलर चालत नाही, तेव्हा इन्सुलेशन असलेल्या घरातही खिडक्या उघड्या ठेवून पंख्यावरच भागवावं लागतं.

पश्चिमेच्या भिंतीचं काय?

नवीन बांधकाम असेल तर एएसी ब्लॉक लावा. नऊ इंची विटांच्या भिंतीचं यू-मूल्य २.२ च्या आसपास, आठ इंची एएसीचं ०.८. भिंतीसाठी वेगळं इन्सुलेशन लागत नाही. फ्लाय ॲश वीट आणि एएसी यांत गल्लत करू नका. राख दोन्हींत असते, पण फ्लाय ॲश वीट उष्णता साध्या विटेइतकीच आत सोडते.

जुन्या भिंतीला बाहेरून फिकट रंग, वेल, नाहीतर बांबूची चीक (पट्ट्यांचा पडदा) लावा. आतून थर्माकोल लावून प्लायवूड ठोकण्याचा उद्योग करू नका.

खिडक्यांना जाड पडदे लावले तर?

पडदा आत असतो. ऊन काचेतून आत आलं म्हणजे उष्णता आलीच, ती नंतर पडद्यावर थांबली काय आणि फरशीवर काय. अडवायचं ते काचेच्या बाहेर: चीक, हिरवी जाळी, बाहेरची झडप. पश्चिमेला छज्जाही पुरत नाही, चारनंतर ऊन तिरपं होऊन त्याच्या खालून येतं.

गच्चीवर संध्याकाळी पाणी मारलं तर?

एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट उष्णता घेऊन जातं, म्हणून लगेच गार वाटतं. पण मेमध्ये नळाला पाणी किती असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. शिवाय तापलेल्या स्लॅबवर रोज थंड पाणी म्हणजे भेगांना आमंत्रण.

हिरवी जाळी बरी, गच्चीपासून सहा-सात फूट उंच बांधली तर. वादळी पावसाआधी उतरवावी लागते.

सोलर पॅनेल लावले तर छत थंड राहील?

ज्या भागावर सावली पडते तेवढं नक्की. तीन किलोवॅटला साधारण ३०० चौरस फूट जागा लागते. फेब्रुवारी २०२४ पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपयांचं अनुदान आहे. इन्सुलेशनला असं काही मिळत नाही. एसी वापरणाऱ्या घराने आधी सोलर, मग उरलेल्या गच्चीला पांढरा रंग, असा क्रम लावला तर पैशांच्या दृष्टीने तो सर्वांत शहाणा आहे. पॅनेल बेडरूमच्या वर येतील असे मांडायला सांगा. इन्स्टॉलर जिन्याजवळची सोयीची जागा धरतात. मात्र वॉटरप्रूफिंग करायचं असेल तर ते पॅनेलच्या आधी.

फ्लॅट शेवटच्या मजल्यावर आहे, गच्ची सोसायटीची. सोसायटी पैसे देत नाही.

उकाडा एकाला आणि गच्ची सगळ्यांची, म्हणून हे घडतं. गळतीच्या निमित्ताने विषय काढा, उकाड्याच्या नाही. गळती सगळ्यांची काळजी असते, आणि वॉटरप्रूफिंगच्या अंदाजपत्रकात फक्त शीटचा वाढीव खर्च वरच्या मजल्यावरच्यांनी भरायचा प्रस्ताव बहुतेकदा पास होतो. तोवर लेखी परवानगी घेऊन आपल्या फ्लॅटवरचा भाग चुन्याने रंगवा.

'पंधरा अंशांनी कमी' असा दावा करणाऱ्या रंगावर विश्वास ठेवावा का?

ते पंधरा अंश गच्चीच्या पृष्ठभागाचे असतात. खोलीत दोन ते चार अंश उतरले तर रंगाने आपलं काम केलं. विक्रेता बंदुकीसारखा थर्मामीटर दाखवेल. चकचकीत फॉइलवर तो थर्मामीटर खोटा, फारच कमी आकडा दाखवतो, एवढं लक्षात ठेवा. खरी तपासणी म्हणजे रात्री नऊला, रंगवलेल्या आणि न रंगवलेल्या खोलीच्या छताला स्टुलावर चढून हात लावणं.

काम कधी काढावं?

शीट आणि टाइलचं काम दिवाळीनंतर ते जानेवारीपर्यंत. मिस्त्री मोकळे असतात आणि सिमेंटला क्युअरिंग नीट मिळतं. चुना मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. त्याआधी मारला तर ऊन तापेपर्यंत धुळीने मळतो. एप्रिलच्या शेवटी ज्याला जाग येते त्याला चुनेवाला दुप्पट दर सांगतो, आणि भर उन्हात मारलेला चुना धरायच्या आधीच वाळून पापुद्रे सोडतो. तेव्हा मारायचाच झाला तर सूर्य मावळल्यावर, गच्ची ओली करून मारा.